४१२ कॉल, ३१ नवी गिऱ्हाइके: डिरेक्टरीत पैसे भरून केलेल्या जाहिरातीचा एक उलगडलेला हिशेब

घरोघरी जाऊन उपकरणे दुरुस्त करणारा एक छोटा व्यवसाय. मालक आणि त्याच्या हाताखाली दोन तंत्रज्ञ. फोन मालकाकडेच, आणि मालक निम्मा दिवस कुणाच्या तरी घरी वॉशिंग मशीनचे मागचे झाकण काढून बसलेला. कामे तीन प्रकारची: वॉशिंग मशीन, घरगुती फ्रिज आणि दुकानांतले डीप फ्रीझर. एका ऑनलाइन डिरेक्टरीत या तिन्ही विभागांत पैसे भरून वरची जागा घेतलेली आहे. वर्ष संपत आले, नूतनीकरणासाठी विक्री प्रतिनिधीचे फोन सुरू झाले, आणि पुन्हा पैसे भरायचे की नाही हे आठवड्याभरात ठरवायचे आहे.

पुढचे आकडे हिशेबाची रीत दिसावी म्हणून बेतलेले आहेत. रकमा कोणत्याही चलनात न देता वर्षाचे शुल्क १०० धरले आहे आणि बाकी सगळे त्याच मापात मोजले आहे. स्वतःचे शुल्क आणि स्वतःच्या कामांवर सुटणारी रक्कम घातली की हीच मांडणी कुठल्याही छोट्या व्यवसायाला चालते.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण बहुतेक हिशेब इथेच फसतात. कामामागे किती सुटले हे मोजायचे, बिल किती झाले हे नाही. सुटे भाग, येण्याजाण्याचा खर्च आणि तंत्रज्ञाचा मोबदला वजा करून हातात राहते ती रक्कम म्हणजे सुटलेले पैसे. फ्रिजचा कंप्रेसर बदलला की बिल भरघोस दिसते, पण त्यातला मोठा वाटा कंप्रेसरच्याच किमतीचा असतो. या व्यवसायात वॉशिंग मशीनच्या एका कामामागे दीड, घरगुती फ्रिजमागे २ आणि डीप फ्रीझरमागे ७ सुटतात.

प्रतिनिधीची मांडणी

"सर, वर्षभरात ४१२ कॉल दिले आम्ही तुम्हाला. भागून बघा, एका कॉलला पाव भागसुद्धा खर्च पडलेला नाही."

भागाकार बरोबर आहे. १०० भागिले ४१२ म्हणजे साधारण ०.२४. शिवाय मालकाच्या कामाच्या वहीतही 'कुठून कळले' या रकान्यात ६१ कामांपुढे डिरेक्टरीचे नाव आहे: वॉशिंग मशीनची ४०, फ्रिजची १३, डीप फ्रीझरची ८. त्यांतून सुटलेले पैसे ६० अधिक २६ अधिक ५६, म्हणजे १४२. शंभर घातले, एकशेबेचाळीस आले. बहुतेक जण इथे सही करतात, आणि त्यांना दोषही देता येत नाही, कारण समोरच्या कागदावर नफाच दिसतो.

फक्त हे आकडे भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतात. डिरेक्टरीमार्फत किती कामे आली हे त्यांतून कळते. पैसे भरले नसते तर यांतली किती कामे आलीच नसती, हे कळत नाही. आणि शुल्क जाते ते या दुसऱ्या आकड्यासाठी.

४१२ उलगडले तेव्हा

डिरेक्टरीच्या पॅनेलमधून, म्हणजे जाहिरातदाराला लॉगिन करून आपला हिशेब दिसतो त्या पानावरून, कॉलची पूर्ण नोंद उतरवून घ्यावी: तारीख, वेळ, समोरचा नंबर, बोलणे किती सेकंद चालले. ती स्प्रेडशीटमध्ये उघडून पहिल्यांदा नंबरांच्या सुरुवातीचा देशाचा संकेतांक आणि शून्य काढून टाकावे. नाहीतर एकच माणूस दोन वेगळे कॉलर म्हणून मोजला जातो. मग नंबरानुसार क्रम लावावा. काही पॅनेल नंबराचे मधले आकडे झाकून दाखवतात. तसे असेल तर ही तपासणी होणारच नाही, म्हणून पूर्ण नंबर मिळणार का, हे सही करण्याआधीच लेखी विचारून घ्यावे.

या नोंदीतले ७४ कॉल पंधरा सेकंदांच्या आतले निघाले: कट झालेले, चुकून लागलेले, 'थांबा, नंतर करतो' म्हणून ठेवलेले. ९६ कॉल त्याच त्या नंबरांवरून पुन्हा आलेले. 'माणूस निघाला का', 'बेल वाजवू नका, बाळ झोपलंय', 'बिलावर नाव बदलून द्या' हे सगळे डिरेक्टरीच्या मोजणीत एकेक कॉलच. ८३ कॉल कामाचे नव्हते. त्यांत माल विकणारे होते, नोकरी मागणारे होते, टीव्ही दुरुस्तीसाठी विचारणारे होते आणि जिथे जाणे परवडतच नाही अशा लांबच्या भागातले होते. ४७ कॉल उचललेच गेले नाहीत आणि ती माणसे पुन्हा फिरकली नाहीत. उरल्या ११२ खऱ्या, वेगवेगळ्या चौकशा.

४१२ची ११२ झाली याचा अर्थ डिरेक्टरी खोटे बोलली असा नाही. तिचा ट्रॅकिंग नंबर, म्हणजे कॉल मोजण्यासाठी तिने पानावर दिलेला आणि मालकाच्या फोनकडे वळणारा नंबर, फक्त घंटा मोजतो. पण 'एका कॉलला पाव भाग' हा भाव आता एका चौकशीला ०.९ झाला, जवळजवळ चौपट.

नाव शोधत आलेली माणसे

यापुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी केला जाणारा. ६१ कामांच्या नंबरांशी मागच्या तीन-चार वर्षांच्या बिलांवरचे नंबर ताडून पाहिले. २२ जण जुनी गिऱ्हाइके निघाली. मालकाचा नंबर हरवला, नवा फोन घेतला, बिल कुठे ठेवले आठवेना. म्हणून त्यांनी व्यवसायाचे नाव टाइप केले आणि डिरेक्टरीचे पान वर आले. आणखी ८ जणांच्या पुढे वहीत 'शेजाऱ्यांनी सांगितले' असे लिहिलेले होते. शिफारस शेजाऱ्याची, डिरेक्टरीत त्यांनी फक्त नंबर शोधला.

हे ३० जण फुकटच्या साध्या नोंदीतूनही पोहोचलेच असते. ज्याला नाव माहीत आहे त्याला यादीत पहिला काय आणि विसावा काय, सारखेच. वरच्या जागेचा उपयोग होतो तो फक्त 'वॉशिंग मशीन दुरुस्ती' असे शोधणाऱ्या, कुणालाच न ओळखणाऱ्या माणसासाठी. असे उरले ३१.

यासाठी फोनवर विचारायचा प्रश्नही बदलावा लागतो. 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' असे विचारले की माणूस शेवटचा टप्पा सांगतो: 'नेटवर बघितलं.' त्याऐवजी 'शोधताना आमचं नाव माहीत होतं, की यादीत दिसलं म्हणून फोन केलात?' असे विचारावे. उत्तर दोनच प्रकारचे येते आणि वहीत 'नाव' किंवा 'यादी' एवढाच शब्द लिहिला की पुरतो. फोन कोण उचलतो त्यावर ही नोंद अवलंबून असल्याने तंत्रज्ञांनाही हाच प्रश्न पाठ करायला लावावा.

विभागवार काढले की चित्र बदलते

३१ नव्या कामांत वॉशिंग मशीनची १९, घरगुती फ्रिजची ७ आणि डीप फ्रीझरची ५. त्यांतून सुटलेले पैसे अनुक्रमे २८.५, १४ आणि ३५. एकूण ७७.५. म्हणजे १४२चा आकडा १००च्या खाली आला. डीप फ्रीझरच्या पाचांपैकी दोन दुकानदारांनी पुढे वार्षिक देखभालीचा करार केला, प्रत्येकी वर्षाला १० सुटणारा. ते २० धरले तर ९७.५. म्हणजे काठावर.

पण या 'काठावर' शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. डीप फ्रीझरच्या विभागाने एकट्याने ५५ दिले. वॉशिंग मशीन आणि फ्रिज मिळून ४२.५. तिन्ही विभागांच्या पॅकेजला १०० पडतात. फक्त डीप फ्रीझरचा विभाग घेतला तर डिरेक्टरी वर्षाला ४५ मागते. म्हणजे उरलेल्या दोन विभागांसाठी खिशातून ५५ जातात आणि ४२.५ येतात. 'तीनाच्या पॅकेजमध्ये स्वस्त पडतं' हे वाक्य ऐकायला गोड असते. चालणारा विभाग न चालणाऱ्याला पोसतो आहे हे त्यात दिसत नाही.

फरक का पडतो, हे कामाच्या स्वरूपातच आहे. वॉशिंग मशीन बंद पडली तर घरातले दोन दिवस थांबतात, कपडे हाताने धुतात, आधी ओळखीत विचारतात, मग यादीतल्या चार जणांना फोन करून नुसत्या भेटीचे पैसे कोण कमी घेतो ते बघतात. शिवाय या विभागात वरची जागा विकत घेतलेले भरपूर. डीप फ्रीझर बंद पडला की आतला माल विरघळायला लागतो. दुकानदाराला ओळखीचा माणूस नसतो, कारण असा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आलेला असतो. भाव करायला वेळ नसतो. आणि हे काम करणारे यादीत मोजकेच असतात. घाई, ओळखीचा अभाव, दर कामामागे जास्त सुटणारे पैसे आणि थोडी स्पर्धा, या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे डिरेक्टरीतली जागा पैसे वसूल करते. त्यांतल्या एकदोनच असतील तर जपून.

न उचललेले ४७

प्रतिनिधीला हे आकडे दाखवले तर तो म्हणणार, 'फोन तुम्ही उचलले नाहीत, त्यात आमचा काय दोष?' मुद्दा रास्त आहे, म्हणून तोही मोजून पाहू. उचललेल्या ३६५ कॉलांत खऱ्या चौकशा ११२ होत्या, म्हणजे ३१ टक्क्यांच्या आसपास. त्याच प्रमाणाने ४७ मध्ये साधारण १४ खऱ्या असाव्यात. ११२ चौकशांतून ३१ नवी कामे झाली, तर १४ मधून चार. एका नव्या कामामागे सरासरी अडीच सुटतात, तेव्हा गमावले ते १०. ते मिळवले तर वार्षिक करार न धरता ८७.५ आणि धरून १०७.५.

म्हणजे फोन उचलण्याची व्यवस्था नीट असती तर अख्खे पॅकेज कसेबसे फायद्यात गेले असते. हे दहा मिळवायला डिरेक्टरीला जादा एक पैसाही द्यावा लागत नाही. चार घंटांत उचलला नाही तर कॉल दुसऱ्या तंत्रज्ञाकडे वळवणे, आणि मिस्ड कॉलला आपोआप 'थोड्या वेळात फोन करतो, उपकरण कोणते ते कळवा' असा संदेश जाणे, एवढे पुरते. यादीतून फोन करणारा माणूस उचलला नाही तर खालच्या नंबराला लावतो. दुपारचे मिस्ड कॉल संध्याकाळी परत केले तर बहुतेकदा काम गेलेलेच असते. ज्या व्यवसायात दिवसा फोन उचलायला माणूसच नाही, त्याने जाहिरातीचे शुल्क भरण्याआधी त्या पैशांत काही तास फोन सांभाळणारा मिळतो का ते पाहिलेले बरे.

बंद करून पाहिले तर?

आतापर्यंत एक गृहीतक तसेच ठेवले आहे: ३१च्या ३१ नवी गिऱ्हाइके पैसे भरल्यामुळेच आली. ते खरे नसणार. खालच्या फुकट नोंदीवरूनही काही जण फोन करतात. हे कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे काही काळ पैसे न भरता पाहणे. करार चालू असताना डिरेक्टऱ्या सहसा जाहिरात मध्येच थांबवू देत नाहीत, तेव्हा करार संपण्याचा मुहूर्त यासाठी वापरावा.

या प्रकरणात वॉशिंग मशीन आणि फ्रिजची जाहिरात तीन महिने बंद ठेवली, फुकटची नोंद तशीच राहू दिली. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली, लगेच आधीच्या तीन महिन्यांशी नाही. फ्रिजची कामे उन्हाळ्यात वाढतात आणि ऋतूचा फरक जाहिरातीच्या नावावर पडतो. मागच्या वर्षी त्या तिमाहीत यादीतून आलेली नवी कामे ७ होती. बंद असताना ४ आली.

७ आणि ४ यांच्यात फरक आहे की नाही, हे इतक्या लहान आकड्यांवरून छातीठोक सांगता येत नाही. काहीही न बदलता एका तिमाहीत ७ आणि दुसरीत ४ येणे अगदी शक्य आहे. पण तेवढ्या अचूकतेची गरजही पडत नाही. या दोन विभागांचे वर्षाचे ५५, म्हणजे तिमाहीचे पावणेचौदा. एका कामामागे सरासरी १.६ सुटतात. म्हणजे तिमाहीत जाहिरातीमुळे वाढलेली किमान ९ कामे हवीत. मागच्या वर्षीची सातच्या सात कामे जाहिरातीचीच असे मानले तरी ९ होत नाहीत. फरक तीनचा आहे की सातचा, याने निर्णय बदलत नाही. लहान व्यवसायाला मोजणीतून बहुधा एवढेच हवे असते: आकडा वसुलीच्या रेघेच्या कोणत्या बाजूला पडतो.

डीप फ्रीझरच्या बाबतीत मात्र उलट आहे. वर्षात ५ कामे हा फार लहान आकडा आहे. खरी सरासरी वर्षाला २ असली किंवा १२ असली तरी एखाद्या वर्षी ५ दिसू शकतात. २ असेल तर १४ येतात आणि ४५ जातात. म्हणून या विभागात 'चालते' असे म्हणायची घाई नको. आणखी पाहावे, पण थोड्या पैशांत.

करारातल्या खाचा

छापील डिरेक्टरी वर्षातून एकदा निघायची. एकदा छापले की पुढच्या आवृत्तीपर्यंत बदल नाही, म्हणून जाहिरातीचा करारही वर्षाचा. १८८६ साली अमेरिकेत रूबेन डॉनेली यांनी व्यवसायांची विभागवार पिवळी डिरेक्टरी काढली, आणि ब्रिटनमधल्या यलो पेजेसच्या शेवटच्या छापील प्रती जानेवारी २०१९ मध्ये वाटल्या गेल्या. त्या साऱ्या काळात वर्षाचा करार हे छपाईचे गणित होते. वेबसाइटवरची नोंद एका दिवसात वर चढवता येते आणि एका दिवसात उतरवता येते. तिथे वर्षाचा करार मागितला जातो तो विकणाऱ्याच्या सोयीसाठी. तेव्हा सहा महिने किंवा तीन महिने मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. पहिल्या फोनवर 'असं नसतं आमच्याकडे' हे ऐकायला मिळते. विक्रीचे महिन्याचे लक्ष्य पूर्ण करायचे दिवस जवळ आले की तोच माणूस परत फोन करतो.

कालावधीनंतर बघायचे ते आपोआप नूतनीकरणाचे कलम. नको असल्यास मुदतीच्या किती दिवस आधी कळवायचे, आणि कसे, हे त्यात असते. फोनवर सांगून चालत नाही; करारात ज्या पत्त्यावर किंवा ईमेलवर कळवायला सांगितले आहे तिथेच कळवून पोच ठेवावी. बँकेतून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिली असेल तर ती बँकेकडूनही रद्द करावी. करार संपला आणि हप्ता चालू राहिला, असे होऊ शकते.

ट्रॅकिंग नंबर कुणाचा, हे त्याहून नाजूक. डिरेक्टरी स्वतःचा एक नंबर देते, तो मालकाच्या फोनकडे वळतो आणि त्यावरून कॉल मोजले जातात. मोजणीसाठी हे चांगलेच आहे. पण हा नंबर दुरुस्त केलेल्या यंत्रावर चिकटवायच्या स्टिकरवर, बिलावर किंवा गाडीवर कधीही छापू नये. करार संपल्यावर तो डिरेक्टरीकडेच राहतो आणि उद्या त्याच विभागातल्या दुसऱ्या जाहिरातदाराला दिला जाऊ शकतो. मग आपल्याच स्टिकरवरून फोन स्पर्धकाकडे जातात. इतर फुकट नोंदींवर आणि स्वतःच्या वेबसाइटवरही नाव, पत्ता आणि मूळ नंबर एकसारखा ठेवावा. ट्रॅकिंग नंबर त्या डिरेक्टरीच्या पानापुरताच.

चौकशीचा फॉर्म भरणाऱ्या गिऱ्हाइकाची माहिती किती जणांना पाठवली जाते, हेही विचारावे. एकच चौकशी चार-पाच व्यवसायांना एकाच वेळी जात असेल तर पहिल्या पाच मिनिटांत फोन करणाऱ्यालाच ती उपयोगी. यंत्र उघडून बसलेल्या मालकाच्या पदरी त्यातून फक्त 'झालं काम' हे उत्तर पडते.

'वरची जागा' म्हणजे नक्की काय, हे प्रतिनिधीच्या नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांनी बघावे. दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता, वेगवेगळ्या वेळी आणि ज्या भागातून गिऱ्हाईक हवे त्या भागातून शोधून पाहावे. एका विभागात वरची जागा आठ जणांना विकली असेल तर ती आळीपाळीने फिरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठवा हिस्सा येतो. 'या विभागात, या भागात पैसे भरलेले किती जण आहेत?' याचे उत्तर आकड्यात मिळाले नाही तर भाव तसाच कमी धरावा.

आणखी एक आश्वासन हमखास मिळते: आमच्या लिंकमुळे तुमची वेबसाइट गुगलमध्ये वर येईल. गुगलच्या नियमांप्रमाणे पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर तशी खूण करावी लागते; त्यासाठी २०१९ पासून 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण आहे. अशा लिंकने क्रम वाढेल या आशेवर शुल्क भरू नये. डिरेक्टरीतून वेबसाइटवर किती जण येतात ते मात्र जरूर मोजावे. डिरेक्टरीत वेबसाइटचा पत्ता देताना त्याच्या शेवटी यूटीएमची खूण (माणूस कुठून आला हे सांगणारे काही शब्द) जोडली की अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या साधनात, ती माणसे वेगळी दिसतात. गुगल नकाशावरची स्वतःची नोंद फुकट असते आणि तिथला क्रम जुळणारी माहिती, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी यांवर ठरतो असे गुगलच सांगते. कामाचे विभाग, वेळा, फोटो आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय तिथे नीट भरले नसतील तर पैसे भरायच्या डिरेक्टरीचा विचार त्यानंतर.

बिलासारख्या दिसणाऱ्या पत्रांपासूनही सावध राहावे. 'आपली नोंद अद्ययावत करण्याचे शुल्क', खाली मुदत, आणि बारीक अक्षरात 'हा प्रस्ताव आहे, देयक नाही.' अमेरिकेत पिवळ्या डिरेक्टरीचे 'चालणारी बोटे' हे चिन्ह नोंदणीकृत ट्रेडमार्क नव्हते, आणि भामट्यांनी ते छापून अशी कागदपत्रे वर्षानुवर्षे पाठवली. सही केलेल्या कराराच्या क्रमांकाशी जुळत नाही ते बिल भरायचे नाही, एवढा एक नियम हिशेब बघणाऱ्याला देऊन ठेवावा.

ठरले काय आणि झाले काय

वॉशिंग मशीन आणि फ्रिजचे विभाग सोडले. डीप फ्रीझरचा एकच विभाग सहा महिन्यांसाठी २५ ला घेतला. वर्षाच्या दरापेक्षा हे थोडे महाग आहे, पण चुकलेच तर २० वाचतात. वसुलीची रेघ आधीच लिहून ठेवली, कारण निकाल हाती आल्यावर माणूस रेघ सरकवतो. एका कामामागे ७ आणि देखभाल कराराच्या शक्यतेचे २. पाचांत दोन करार झाले होते, त्या हिशेबाने चार धरता आले असते, पण पाचांचा पुरावा तोकडा म्हणून निम्मेच धरले. एकूण ९. पंचवीस भागिले नऊ, म्हणजे तीन. सहा महिन्यांत 'यादी' अशी नोंद असलेली तीनपेक्षा कमी नवी डीप फ्रीझरची कामे आली तर बंद.

नोंदीचे शब्दही बदलले. आधी 'सर्व प्रकारची उपकरणे दुरुस्ती' असे होते, त्यामुळे टीव्हीचे फोन यायचे. आता 'दुकानांचे डीप फ्रीझर, आइस्क्रीम फ्रीझर, काचेचे कूलर; गॅस भरणे, कंप्रेसर, थर्मोस्टॅट' असे स्पष्ट लिहिले, कोणत्या भागात येतो ते लिहिले आणि ही नोंद घरगुती फ्रिजसाठी नाही असेही लिहिले. कॉल कमी झाले, आणि तेच हवे होते.

सहा महिन्यांत खऱ्या चौकशा १३ आल्या. नवी कामे ४, नाव शोधत आलेले २. चारांतून सुटले २८, देखभालीचा करार अजून एकही नाही. २५च्या तुलनेत फायदा जेमतेम तीनचा, पण आधी लिहिलेली रेघ पार झाली. तेव्हा आणखी सहा महिने घेतले, त्याच दराने आणि आपोआप नूतनीकरणाचे कलम खोडून. वर्षाअखेरीला दोन्ही सहामाहींची कामे एकत्र मोजायची आणि तोवर एकही देखभाल करार झाला नसेल तर प्रत्येक कामामागे धरलेले ते २ काढून टाकायचे, हेही वहीच्या त्याच पानावर लिहिले आहे. तसे झाले तर सहा महिन्यांची रेघ तीनवरून चारवर जाते.

सोडलेल्या दोन विभागांच्या शेवटच्या दिवशी कॉलची पूर्ण नोंद आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय उतरवून, पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. पैसे भरणे थांबल्यावर पॅनेल बंद झाले. आठवड्याने फुकट नोंद तपासली तर त्यावर अजून जुना ट्रॅकिंग नंबर होता आणि तो कुठेच लागत नव्हता. तो बदलून मूळ नंबर टाकला.